सांधा

मिहिकाच्या खेळातला पोरगा कुठल्याच सिनेमातला नाही.
त्याला गाणं नाही, त्याची बाहुली बाजारात मिळत नाही,
खेळ लिहिणाऱ्यांनी तो पदरचा घातलाय.
हातात कंदील. भाऊ हरवलाय म्हणे.
त्याला शोधत तो दुसऱ्यांच्या सिनेमांतून हिंडतो.

पहिल्या दारामागे हत्तीचं छत्र्यांचं दुकान.
मी खुर्चीत ताठ झालो.
"अगं, हा तर आपला हत्ती! आता याचं दुकान जळतं."
"सांगू नका ना आजोबा," मिहिका म्हणाली,
आणि दुकान जळलं,
रावपुऱ्यात दर शनिवारी जळायचं तसंच,
पाच रुपये भाडं, दुसऱ्या दिवशी दहाच्या आत परत.

दुसऱ्या दारामागे देवमासा, पोटात पोस्ट ऑफिस.
हाही माझ्याच रॅकवरचा, खालून तिसरा खण.
पोरगा हत्तीचं पत्र देवमाशाला देतो
आणि देवमासा वाचतो,
जन्मभर त्याचीच वाट पाहिल्यासारखा.
कुठे टाका दिसत नाही.
बोट फिरवलं तरी लागणार नाही.

माझे टाके लागायचे.
व्हीसीआरने कॅसेट चावली की
चुरगळलेला तुकडा ब्लेडने तिरका कापायचा,
चिकटपट्टी, वरून नख.
एकदा हत्तीची साडेतीन मिनिटं गेली,
दुकान जळाल्यानंतरची.
नवी मागवायला पैसे नव्हते.
हाताशी होती लग्नाच्या शूटिंगातून उरलेली टेप :
पोलो ग्राउंड, सकाळ, हेमाताई लूना शिकतेय.
पदर खोचलेला, पाय दोन्हीकडे लोंबकळत,
एक वळण घेते, पडते, हसते,
कॅमेऱ्याकडे हात करून म्हणते, "मेल्या, बंद कर ते!"
तेवढं चिकटवलं.
मग पडद्यावर मुंग्या,
मग देवमाशाचा एक तुकडा, उगीच, जागा भरायला,
मग हत्ती, नव्या दुकानात, नव्या छत्र्यांत.

आठवडाभर दबून होतो, तक्रार येईल म्हणून.
आली नाही.
पोरं तीच मागायला लागली. "लूनावाली द्या."
पुढे चार पैसे आले, अख्खी कॅसेट आणली,
तर तासाभरात परत :
"काका, यात त्या येतच नाहीत."
हेमाताई तिथेच मागे बसून भाड्याची वही लिहायची.
एकानेही ओळखलं नाही.
लूनावर नव्हती ना.

नव्व्याण्णव साली ती गेली.
कॅसेटला बुरशी आली, ती वेगळी गोष्ट.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

गेल्या महिन्यात खंडेराव मार्केटात
एक टक्कल पडलेला माणूस आडवा आला, हातात सुरण.
"काका, पेली लूनावाळां बेन कोण हतां?
हाथीने नवी छत्रीओ आपवा आवेलां, ए."
छत्र्या?
मला भाजीच्या पाट्यांमध्ये उभ्या उभ्या आठवलं :
त्या दिवशी लूनाच्या मागे
माझी कॅमेऱ्याची पेटी बांधली होती. रिकामी.
तिच्यात इतकी वर्षं हा माणूस छत्र्या पाहत होता.
तिचं नाव सांगावं असं वाटलं.
म्हटलं, "फिल्ममांज हतां, भाई."
"हुं पण छोकरीने एम ज कहुं छुं," तो म्हणाला,
आणि सुरण तोलायला दिला.

मिहिकाच्या खेळात दोन दारांमध्ये एक बोळ आहे.
अंधारा, दहाएक सेकंदांचा.
पुढचा सिनेमा उघडेपर्यंत पोरगा तिथून एकटाच चालतो,
कंदील हलतो, बुटांचा आवाज.
मिहिका तेवढ्यात पाणी पिऊन येते.
आज जाताना कंट्रोलर माझ्या हातात देऊन गेली.
मी पोराला बोळात उभं केलं.
दार उघडलं, मिटलं, परत उघडलं.
"चला ना पुढे," ती आली, ओठ पुसत,
"इथे काही नसतं, आजोबा."
थांब गं जरा, म्हटलं.
मागून कुणी येतंय का, ऐकू दे.